तीन रिंगांचा निरोप

छत्रपती संभाजीनगर,
४ मार्च २०२४

मामा, पाया पडते.

पिशोरच्या गाडीत कंडक्टरच्या हवाली एक खोकं केलंय, त्यावर तुमचं नाव मोठ्या अक्षरात आहे. आत दोन मोबाइल आहेत. एक तुमचा, एक मामी मेंढरं घेऊन निघेल तेव्हा तिचा. हे लाडाचे नाहीत, कामाचे आहेत, चाचणीसाठी दिलेले. माझी कंपनी मोबाइल बनवत नाही. मोबाइलमध्ये आधीपासून जे फोनचं हिरवं बटण असतं, त्याच्या मागचं काम आम्ही करतो. आता त्याच बटणात आम्ही इंटरनेटचा कॉल बसवलाय. वेगळं ॲप नको, वेगळा नंबर नको. नेहमीसारखं नाव शोधायचं आणि हिरवं बटण दाबायचं. टॉवर असला तर त्याच्या नेटवरून, नसला तर फोन आपला आपण वायफायवरून लागतो.

तुमच्या वस्तीला टॉवर नाही, पण ग्रामपंचायतीचं वायफाय तुमच्या ओसरीपर्यंत येतं, हे मी दिवाळीतच बघून ठेवलं होतं. गुडघा धरून रोज संध्याकाळी टाकीच्या टेकडीवर चढायचं आणि मामीच्या मिस कॉलची वाट बघत बसायचं, हे आता बंद.

यातली एक गोष्ट खास माझी आहे, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. इंटरनेटचा कॉल समोरच्यापर्यंत पोचायला सहा-सात सेकंद लागतात. तेवढा वेळ कानात काहीच ऐकू येत नाही. माणसाला वाटतं फोन मेला, आणि तो कापून टाकतो. मी सुचवलं की बटण दाबल्या दाबल्या करणाऱ्याच्या कानात रिंग सुरू करून द्यावी, समोरचा फोन मागाहून वाजेना का. आमचे मॅनेजर बद्रीनाथ सर खूश झाले. ऑफिसात आता तिला ‘अक्षदाची रिंग’ म्हणतात. सध्या माझी कॉलर ताठ आहे, तुम्हीही थोडी करून घ्या.

काय चाललं, काय बिघडलं, ते पत्रानं कळवा. त्यासाठीचा फोनवरचा फॉर्म तुम्ही भरणार नाही हे मी सरांना आधीच सांगून ठेवलंय.

तुमची,
अक्षदा

•

वस्ती, पिशोरजवळ,
१९ मार्च २०२४

अक्षू, मामाचा आशीर्वाद.

फोनची तक्रार फोनलाच सांगणं मला पटत नाही, आणि फोन कानाला लावला की मला दोन वाक्यांच्या वर सुचत नाही. म्हणून कागद घेतलाय.

आधी घरचं सांगतो. तुझ्या मामीचं आणि माझं बिनसलंय. विहीर आटली. टँकर एक दिवसाआड येतो, त्यातलं माणसांना पुरेना तर नव्वद मेंढरांना काय पाजणार. मी म्हटलं, विकून टाकू. शहरात नव्या बिल्डिंगा उठतायत, अक्षू एखादं गेट बघून देईल, वॉचमन म्हणून बसेन. माझा गुडघा आता मेंढरांमागं चालत नाही. त्यावर ती म्हणाली, "तुमचा एक गेला. माझे दोन्ही शाबूत हायेत." महाशिवरात्र झाली आणि तिसऱ्या दिवशी तिनं माझ्या थोरल्या भावाला, मुंजाबादादाला, सोबत घेतलं आणि मेंढरं हाकली. गंगापूरच्या पुढं धरणाचं पाणी मागं सरलं की उघड्या पडलेल्या जमिनीवर गवत येतं, तिथं गेलीत. जाताना माझ्याशी बोलली नाही. फोन मात्र कमरेच्या पिशवीत घातला.

आमची रीत तुला अर्धीच माहीत आहे. संध्याकाळी सातला तिचा मिस कॉल येतो. एक रिंग देऊन कापलं की सगळं ठीक. दोन दिल्या की मुक्काम हलवला. तीन म्हणजे अडचण, असाल तसे निघून या. तीन रिंगा बारा वर्षांत एकदाच आल्या, कळपात लांडगा शिरला होता तेव्हा. बोलायचं काम नाही. तळावर चार्जिंग कुठून आणणार, म्हणून बोलण्यात बॅटरी घालवायची नाही, हा तिचाच नियम.

आता तुझा फोन. ओसरीच्या खुंटीला टांगून ठेवलाय. तू शनिवारी केलास तेव्हा खणखणीत वाजला. पण तुझ्या मामीचा नऊ दिवसांत एकही आला नाही. पडद्यावर खूणसुद्धा नाही. पिशोरच्या बाजारात त्या बाजूचा एक मेंढपाळ भेटला, तो म्हणाला मेंढरं मजेत आहेत. म्हणजे फोन शाबूत, मेंढरं शाबूत, रुसलंय ते माणूस. मी आपण होऊन फोन करणार नाही. तिनं करावा.

गेटचं बघ.

तुझा मामा,
बिभीषण

•

छत्रपती संभाजीनगर,
२४ मार्च २०२४, होळी

मामा, पाया पडते.

तुमचं पत्र ऑफिसात वाचून दाखवलं. ‘रुसलंय ते माणूस’ याला सर इतके हसले की त्यांनी ते फळ्यावर लिहून ठेवलं. मी इथून सगळं तपासलं. तुमच्या फोनला कॉल लागतो, आवाज स्वच्छ आहे, वायफाय तुटत नाही. यंत्रात काही खोट नाही. रुसवा काढायचं बटण आम्ही अजून बनवलेलं नाही, ते तुमचं तुम्हालाच दाबावं लागेल. मी मामीला दोनदा फोन केला, बंद होता. चार्जिंग वाचवत असणार.

गेट मिळालं. सावंगी बायपासला चार नव्या इमारती झाल्यात, तिथं जाणता माणूस हवाय. राहायला खोली देतात. पाण्याची बोंब इथंही आहे, आमच्या कॉलनीत टँकर आला की सगळे बादल्या घेऊन पळतात. पण गेटवर बसणाऱ्याला सावली आहे आणि टेकडी चढायची नाही. पंधरा एप्रिलला हजर व्हायचं. पाडव्यापर्यंत हो की नाही ते कळवा.

मामीचं मन मी वळवीन. तिला शहर आवडेल, बघा तुम्ही.

अक्षदा

•

वस्ती,
१ एप्रिल २०२४

अक्षू, हे वाचण्याआधी गुळाचा खडा तोंडात टाक.

गुरुवारपासून रोज सातला खुंटीवरचा फोन वाजतोय. एक रिंग, आणि बंद. चार दिवस झाले, एकही दिवस चुकला नाही. पहिल्या दिवशी मी अंगणात बाज विणत होतो. रिंग ऐकली आणि सुंभ हातातून सुटलं. पुढची येते का म्हणून कान देऊन बसलो, तर नाही. एकच. सगळं ठीक. पंधरा-सतरा दिवस घशाखाली घास नीट उतरत नव्हता हे मला त्या संध्याकाळी जेवायला बसल्यावर कळलं. तुला म्हणून सांगतो, पत्र ऑफिसात वाचू नकोस.

तिचा राग उतरला. एवढंच नाही, मला वाटतं गेटचंही तिला मनातून पटलं असणार. ती तोंडानं कबूल करायची नाही, तेवढं मी तिला ओळखतो. म्हणून रिंग दिली. कडूबा व्यापारी मेंढरांचं विचारून गेला. त्याला म्हटलं, पाडव्याला ये, शब्द देतो.

तिला उलटा फोन केला नाही. ती सगळं ठीक म्हणतेय तर उगाच बोलतं करून पुन्हा काही निघायला नको.

तुझं यंत्र लाख मोलाचं आहे. सरांना सांग.

बिभीषण

•

छत्रपती संभाजीनगर,
५ एप्रिल २०२४

मामा,

ही चिठ्ठी कन्नडच्या गाडीच्या कंडक्टरकडे देतेय, टपालाला वेळ लागेल. मिळाल्या मिळाल्या मामीकडे निघा. सकाळपासून तुम्हाला अकरा वेळा फोन केला, वाजतोय आणि कुणी उचलत नाही. मामीचा बंद आहे.

तुमचं पत्र आज आलं. अभिमानानं दुसऱ्यांदा वाचत होते आणि ‘एक रिंग, आणि बंद’ यापाशी अडकले. एका रिंगेला कापलेला कॉल तुमच्यापर्यंत पोचूच शकत नाही. मीच तसं केलंय. दोन फोन टेबलावर शेजारी ठेवून वीस वेळा मोजलं. इकडे कानात पहिली रिंग वाजते तेव्हा तिकडचा फोन गप्प असतो. दुसरी वाजते, तरी गप्प. तिसरी वाजते तेव्हा तिकडे पहिली वाजते. आणि पोचण्याआधीच कापला तर तिकडे खूणसुद्धा उरत नाही.

मामा, मामी पहिले सगळे दिवस तुम्हाला ‘ठीक आहे’ सांगत होती, ते माझ्या रिंगेनं खाल्लं. आणि गुरुवारपासून जी एक ऐकून तुम्ही जेवलात, त्या तीन होत्या.

कडूबाला शब्द देऊ नका. आधी निघा.

अक्षदा

•

धरणाचा फुगवटा, गंगापूरच्या पुढं,
७ एप्रिल २०२४

अक्षू,

कागद एका चहाच्या टपरीवरून मागून घेतलाय. तुझा नंबर माझ्या फोनात, आणि फोन घरी खुंटीला. तो वायफायचा म्हणून मी तिथंच ठेवला, इतक्या लांब तो कसा चालणार. तुझ्या मामीचा फोन मागावा, तर ती माझ्याशी बोलत नाही.

झालं असं. मंगळवारपर्यंत रोज एक रिंग आली. बुधवारी आली नाही. गुरुवारीही नाही. बुधवारी म्हटलं बॅटरी संपली असेल. गुरुवारी सात वाजून गेले, आठ वाजले, आणि माझं मन खुंटीवरून हलेना. रुसलेली बाई एकदा बोलायला लागली की पुन्हा अशी गप्प होत नाही. काहीतरी वंगाळ घडलं असणार. शुक्रवारी उजाडताच घराला कुलूप लावलं. कन्नड, देवगाव, लासूर करत गंगापूर गाठलं, तिथून जीप. जीपवाल्यानं जिथं उतरवलं तिथून पुढं रस्ता नाही, नुसती भेगाळलेली माती. अडीच कोस चाललो. गुडघ्याचं काय झालं ते लिहीत नाही.

मेंढरं लांबून दिसली. मोजली, आणि पाच कमी भरली. तुझी मामी काठी घेऊन उभी होती. मला बघून जागची हलली नाही. जवळ गेलो तेव्हा म्हणाली, "आता आलात व्हय. सहा दिवस तीन-तीन वाजवल्या."

मुंजाबादादाला उन्हाची झळ लागली होती. गुरुवारी, अठ्ठावीस तारखेला, तो गवतातच कोसळला. शेजारच्या तळावरच्या दगडाबाईनं त्याला ट्रॅक्टरवर घालून गंगापूरच्या दवाखान्यात नेलं. सहा दिवस तुझी मामी एकटी. कोकरं तापली, पाण्यासाठी मेंढरं चिखलात शिरली, ती तिनं कमरेइतक्या गाळात उतरून एकेक ओढून काढली. पाच गेली. बुधवारी दादा सलाईन संपवून परत आला तेव्हा तिनं एक रिंग दिली, सगळं ठीक म्हणून. ती म्हणते, त्या दिवसापासून रोज एकच दिली. मी म्हणतो, त्याच दिवसापासून मला काहीच आलं नाही. ती म्हणते तीन, मी म्हणतो एक. दोघांपैकी एक जण खोटं बोलतोय, आणि सव्वीस वर्षांत आम्ही भांडलो पुष्कळ, पण खोटं कुणीच बोललं नाही.

ती भाकरी वाढते, पाणी देते, आणि बोलते ते दादाशी. मी तिच्या जागी असतो तर भाकरीसुद्धा वाढली नसती. बोलावलं तेव्हा नवरा आला नाही, हे तिच्या मनात बसलंय. परवा पाडवा आहे, कडूबाला माझ्या दाराला कुलूप दिसेल. दिसू दे. तुला यातलं काही उमगत असलं तर कळव. टपरीवाल्याच्या पत्त्यावर पाठव, तो आणून देईल.

बिभीषण

•

छत्रपती संभाजीनगर,
१२ एप्रिल २०२४

मामी, हे पत्र तुला आहे. मामांकडून वाचून घेऊ नकोस, तू चौथीपर्यंत शिकलीयस, हळूहळू वाच. मी मोठ्या अक्षरात लिहिलंय.

मामा खोटं बोलत नाहीत. तूही नाही. खोटं मी बोलले.

तू फोन लावलास तेव्हा कानात जी रिंग ऐकलीस, ती मामांच्या फोनची नव्हती. ती मी तुझ्याच फोनात भरून ठेवलेली होती, वाट बघताना माणूस कंटाळू नये म्हणून. मामांचा फोन वाजायला तुझ्या दोन रिंगा उलटून जायच्या. तू तीन दिल्यास, तिकडे एक वाजली. तू एक दिलीस, तिकडे काहीच नाही. मला माझ्या हुशारीचं फार कौतुक होतं. तुम्ही लोक रिंगा मोजून बोलता हे मामांनी पत्रात स्वच्छ लिहिलं होतं. मी ते वाचलं, हसले, आणि पुढं गेले. मेंढरं गेली, मोठे मामा दवाखान्यात असताना तू एकटी त्या गाळात उतरलीस, हे सगळं मी ऑफिसातल्या गार हवेत बसून केलं. मला माफ कर असं म्हणायचा धीर होत नाही, पण म्हणते.

मामांचं टपरीवरचं पत्र मिळालं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी सरांकडे गेले. म्हटलं, ही रिंग काढायची. ते म्हणाले, सगळ्यांना आवडलीय, ग्राहकांना दाखवताना फोन झटकन लागतो असं वाटतं. मी दोन्ही फोन त्यांच्यासमोर ठेवले, एक त्यांच्या कानाला लावला आणि म्हटलं, तुम्ही अडचणीत आहात, बायकोला तीन रिंगा द्या. त्यांनी दिल्या. टेबलावरचा फोन एकदा वाजून गप्प झाला. मी म्हटलं, "सर, तुमच्या बायकोला आता वाटतंय की तुमचं बरं चाललंय." मग तुझे सहा दिवस सांगितले. त्यांनी फोन पुन्हा लावून स्वतः रिंगा मोजल्या. शेवटी म्हणाले, काढ.

आता समोरचा फोन खरोखर वाजेपर्यंत कानात फक्त बारीक टकटक येते. रिंग ऐकू आली म्हणजे ती समोर वाजली. आणि पोचण्याआधी कापलेल्या कॉलचीही खूण समोरच्या पडद्यावर राहते. तुझा फोन चार्ज झाला आणि जरा नेटवर्कात आला की हा बदल आपोआप उतरेल.

मामांवर राग धरू नकोस. गेटचं मी त्यांच्या वतीनं नाही म्हणून कळवलंय. ते मी न विचारता केलं, तेवढं मात्र माझ्या हुशारीतच मोज.

अक्षदा

•

धरणाचा फुगवटा,
२८ एप्रिल २०२४

अक्षे,

तुझं पत्र मी माझं मी वाचलं, दोन दिवस लागले. उत्तर मात्र ह्यांच्या हातानं लिहितेय. मी सांगते आन हे लिहितात. एक शब्द बी बदलायचा नाय असं बजावलंय.

मी तुझ्यावर लई चिडले होते. खोटं कशाला बोलू. पहिल्यांदा वाचलं तवा वाटलं, हा फोन धरणात फेकावा. मंग दगडाबाई म्हणाली, पोरीनं आपण होऊन सांगितलं, लपवलं असतं तर आपल्याला कोण सांगणार होतं. ते मला पटलं. तुझ्या साहेबाच्या तोंडावर बोललीस ते बी आवडलं. चूक केली आन निस्तरली, आता रडत बसू नकोस. पाच गेली, चार कोकरं नवी झाली. मेंढराचं असंच असतंय.

भावजी आता बरे हायेत. बाजेवर बसून सगळ्यांना हुकूम सोडतात.

मेंढरं विकायची नाहीत. हे मी ह्यांना सांगितलं, आन ह्यांनी आत्ता हे लिहिताना मान हलवली. पाऊस पडेपर्यंत इथंच ऱ्हाणार. ह्यांनी बसून कोकरं सांभाळायची, मी चालायचं. गुडघ्याला तेवढं काम जमतंय.

आता तुला जे सांगायचं म्हणून पत्र लिहितेय ते ऐक. त्या सहा दिवसांत मी मनात पक्कं केलं होतं की ह्या माणसाकडं परत जायचं नाय. तीन वाजवल्या आन आला नाय, तर मंग कुणासाठी वाजवायच्या. तुझं पत्र आलं तवा कळलं की ह्यांनी त्या ऐकल्याच नव्हत्या. तो दोष ह्यांचा नाय, ठीक. पन राग त्यानं नाय गेला माझा. राग दुसऱ्याच गोष्टीनं गेला. बुधवारी, गुरुवारी ह्यांच्या कानावर काहीच आलं नाय. एक सुदीक रिंग नाय. आन तेवढ्यावर हा माणूस कुलूप लावून निघाला, जीप संपली तिथून गुडघा धरत चालत आला. बोलावलं म्हणून कुणी बी येतं. हे न बोलावता आले.

(अक्षू, इथं मी म्हटलं हे राहू दे, कशाला लिहायचं. ती म्हणाली, लिहा. — बिभीषण)

तुझा नवा बदल माझ्या फोनात आला. टकटक ऐकू येती. चांगलं केलंस. ह्यांचा फोन खुंटीवरून आणवून घेतला, त्यो हितं बी चालतो, हे ह्यांना आता कळलं. पन आम्ही दोघं एका तळावर, मंग सातला कुणाला वाजवणार.

तर तू वाजवत जा. रोज सातला. तिकडं शहरात तू बी एकटीच ऱ्हातीस. एक दे, नायतर तीन दे, आम्ही मोजणार नाय. बॅटरी गेली तर जाऊ दे. आम्ही उचलू.

तुझी मामी,
कस्तुराबाई